बारभाईंचा बंदोबस्त

‘बारभाईंची खेती’ हा शब्दप्रयोग आपल्या घराघरांतून निंदेच्या अर्थानें रूढ झाला आहे. एकच काम दहा जणांनीं अंगावर घेतलें आणि प्रत्येकानें तें शेजाऱ्यावर ढकललें, म्हणजे घरांतील वडील माणसें हाच शब्द उच्चारतात. परंतु इतिहासाची साक्ष थोडी निराळी आहे. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो पेशव्यांच्याच चाकरींतील गारद्यांच्या हातून झाला. रक्षण करणारेच भक्षक झाले असतां १७७४ सालीं सखारामबापू, नाना फडणीस प्रभृति मुत्सद्द्यांनीं एकत्र येऊन जें कारस्थान उभारलें, तेंच बारभाईंचें कारस्थान होय. त्या मंडळींचे स्वभाव निराळे होते आणि स्वार्थही निराळे होते. तरी कांहीं काळ त्यांची नजर एका उद्देशावर स्थिर राहिली, आणि तेवढ्या काळापुरतें राज्य सांवरलें. तेव्हां बारा जण असणें हा दोष नव्हे. बारा जण एके ठिकाणीं बसत नाहींत, आणि कोणत्या गोष्टीचा जाब कोणीं द्यावयाचा हें ठरत नाहीं, तेथेंच खेती बुडते.

हें स्मरण आज करण्याचें कारण असें कीं, आपल्या गांवाच्या व शहराच्या सुरक्षिततेचा कारभारही बारभाईंच्याच हातीं आहे. तो कारभार कसा चालतो आणि कोठें अडतो, हें आमच्या वाचकांनीं, विशेषतः ज्यांच्या घरांत शिकणाऱ्या मुली, नोकरीवर जाणाऱ्या सुना आणि एकट्यानें बाहेर पडणारीं वृद्ध माणसें आहेत अशा कुटुंबांनीं, नीट समजून घ्यावें असें आम्हांस वाटतें.

एखाद्या आळींतून दिवेलागणीनंतर मुलीबाळींस जाण्याची भीति वाटूं लागली आहे, असें समजूं. वाचक प्रथम पोलिसांस दोष देतील. परंतु त्या आळींतला बंद पडलेला दिवा पोलिसांच्या ताब्यांतला नाहीं. तो म्युनिसिपालिटीचा आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें नगरसंस्थांच्या कामांची जी अठरा कलमी यादी राज्यघटनेस जोडली, तींत रस्त्यांवरील दिवे, बसथांबे आणि आग विझविण्याची व्यवस्था हीं आहेत; पोलिस मात्र नाहींत. पोलिस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि तुरुंग हे विषय घटनेनें राज्य सरकारकडे दिले आहेत. आळीच्या तोंडाशीं दारूचें दुकान असेल, तर त्याचा परवाना तिसऱ्याच खात्यानें दिलेला असतो. निवडणुकीच्या वेळीं आपण ज्या नगरसेवकास जाब विचारतों, त्याचा हुकूम शिपायावर चालत नाहीं. आणि ज्या फौजदाराचा हुकूम शिपायावर चालतो, त्याला एक दिवा बदलावयाचा झाल्यास अर्जच करावा लागतो. प्रत्येक जण आपल्यापुरतें खरें सांगतो आणि आळी अंधारांतच राहते.

आतां याच आळीची दुसरी बाजू पाहूं. तक्रारी वाढल्या, वर्तमानपत्रांत ओरड झाली, म्हणजे एके रात्रीं पोलिस येतात आणि दोन-चार पोरांस संशयावरून धरून नेतात. त्यांतला एखादा खरोखर गुन्हेगार असेल, एखादा नसेलही. त्याची चौकशी होऊन तो सुटेल अथवा शिक्षा भोगील, असें आपण गृहीत धरतों आणि दार लावून निजतों. पण तो चौकशीची वाट पाहत तुरुंगांत किती दिवस काढतो, हें विचारण्याचें कोणाच्याच मनांत येत नाहीं.

३१ डिसेंबर २०२२ रोजीं भारतांतल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं, आणि तुरुंगांतील एकंदर जागा ४,३६,२६६ जणांपुरती होती. या माणसांपैकीं ४,३४,३०२, म्हणजे शंभरांतले जवळजवळ शहात्तर, कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नाहीं असा मनुष्य. हे आंकडे सरकारच्याच राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानें प्रसिद्ध केलेले आहेत. आपले तुरुंग शिक्षेसाठीं बांधले आहेत अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्यांतली बहुतेक जागा वाट पाहण्यानेंच भरली आहे.

हें वाट पाहणें कोणा एकाच्या दुष्टपणानें वाढतें असें म्हणतां येणार नाहीं. तारखेच्या दिवशीं कैद्यास कोर्टांत न्यावयाचें, तर पोलिसांचें पथक लागतें; त्याच दिवशीं मिरवणुकीचा किंवा मंत्र्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त निघाला, तर पथक तिकडे जातें आणि तारीख पुढें पडते. रासायनिक तपासणीचा अहवाल प्रयोगशाळेंतून आलेला नसतो. साक्षीदारास समन्स पोंचलेलें नसतें. कोर्टानें जामीन दिला, तरी त्याचा कागद तुरुंगापर्यंत जावा लागतो. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाबाहेर जामिनाचे हुकूम टाकण्याची एक पेटी असे, आणि ती उघडण्याची वेळ टळली तर कैद्यास आणखी एक रात्र आंत काढावी लागे, ही गोष्ट २०२१ सालीं वर्तमानपत्रांतून पुष्कळ गाजली. न्यायाधीशानें मोकळें केलेला मनुष्य केवळ टपालाच्या वेळेमुळें बंदींत राहावा, याला काय म्हणावें? कोणत्याही एका कचेरीचें दप्तर तपासलें तर तें स्वच्छ दिसेल. दोष दोन दप्तरांच्या मधल्या फटींत आहे, आणि त्या फटीचा अधिकारी म्हणून कोणाचीच नेमणूक झालेली नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, मग सारे अधिकार एकाच्याच हातीं द्यावे, म्हणजे जाब विचारावयास एकच मनुष्य राहील. हा उपाय पुणेकरांनीं करून पाहिला आहे. पेशवाईंतील कोतवाल हा आजच्या अर्थानें केवळ पोलिस अधिकारी नव्हता. शहराची शांतता राखणें, पेठांतील तंटे तोडणें, बाजारभावांवर नजर ठेवणें, येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद करणें, घरांजागांच्या खरेदीविक्रीची टिपणें राखणें, अशीं नाना कामें त्याच्याकडे असत. १७७७ पासून हा अधिकार घाशीरामाच्या हातीं होता. १७९१ सालीं कांहीं तेलंगी ब्राह्मणांस क्षुल्लक आळावरून एका अरुंद कोठडींत कोंडण्यांत आलें, आणि त्यांतले पुष्कळ जण गुदमरून मेले. पकडणारा, आळ ठरविणारा आणि कोंडणारा एकच असल्यामुळें, कोठडींत माणसें किती आणि हवा किती, हें विचारावयास कोणी दुसरा उरलाच नव्हता. पुढें खवळलेल्या लोकांनीं घाशीरामास दगडांनीं ठेचून मारलें. त्यांतही चौकशी झाली ती थोडीच. एका अन्यायावर दुसरा अन्याय रचला गेला.

ही कथा आपल्या घरांतून सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळ सांगितली जात आहे, याचें एक कारण त्या कोठडींत ब्राह्मण होते हें आहे, हें आपण प्रांजळपणें मान्य करावें. आजच्या कोठड्यांत जे आहेत त्यांचीं नांवें आपल्या ओळखीचीं नाहींत. पण तेवढ्यावरून त्यांची घुसमट कमी ठरत नाहीं.

घाशीरामाच्या मार्गानें जावयाचें नाहीं, हें आपल्या राज्यघटनाकारांनीं जाणलें होतें. न्यायखातें आणि अंमलबजावणीचें खातें यांची फारकत करावी, असें घटनेचें पन्नासावें कलम सांगतें. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें न्यायदान करणारे मॅजिस्ट्रेट हायकोर्टाच्या देखरेखीखालीं आणले आणि कारभारी मॅजिस्ट्रेट वेगळे ठेवले. सरकारी वकिलांनीं पोलिस खात्याच्या तंत्रानें चालूं नये, म्हणून त्यांचें खातें वेगळें करावें, असा आदेश सुप्रीम कोर्टानें महाराष्ट्राच्याच एका प्रकरणांत १९९५ सालीं दिला. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत तर सरकारी अभियोगाच्या संचालनालयाची रचना जिल्ह्यापर्यंत नेलेली आहे. ही फारकत योग्यच झाली. पण घर वांटून चुली वेगळ्या केल्या, तरी विहीर एकच असते, आणि ती उपसण्याचा दिवस सर्वांनीं मिळूनच ठरवावा लागतो. चुली वेगळ्या करण्याचें काम आपण नेटानें केलें. विहिरीचा विचार मागें राहिला.

परदेशांत या विहिरीचा विचार कसा झाला, हें पाहणें बोधप्रद आहे. अमेरिकेंत काउंटी म्हणून जो विभाग असतो, तो साधारणतः आपल्या जिल्ह्यासारखा होय. तेथें बहुतेक ठिकाणीं शेरीफ लोकांनीं निवडलेला असतो आणि काउंटीचा तुरुंग त्याच्याकडे असतो; सरकारी वकीलही निवडून आलेला असतो; शहराचे पोलिस शहराच्या ताब्यांत असतात. म्हणजे बारभाई तेथें आपल्याहूनही स्वतंत्र! ऑरेगॉन राज्यानें १९९५ सालीं एक कायदा करून एक वर्षापर्यंतच्या शिक्षेचे कैदी काउंटींच्या जबाबदारीवर सोंपविले, आणि त्याबरोबरच आपल्या छत्तीसही काउंटींत सार्वजनिक सुरक्षिततेसाठीं एक समन्वय मंडळ असलेंच पाहिजे असें ठरविलें. या मंडळांत शेरीफ, पोलिसप्रमुख, सरकारी वकील आणि न्यायाधीश तर असतातच. पण आरोपींची बाजू मांडणारा वकील, मानसिक आरोग्य खात्याचा अधिकारी आणि लोकनियुक्त प्रतिनिधि यांनाही तेथें जागा आहे. यांतली शहाणपणाची गोष्ट अशी कीं, तुरुंगांतली प्रत्येक खाट ही काउंटीच्या खर्चाची बाब झाली. वेड्या माणसास रुग्णालयाऐवजीं तुरुंगांत ठेवलें तर किती खर्च येतो, हें आरोग्य खात्यास आणि शेरीफास एकाच कागदावर दिसूं लागलें.

इंग्लंडानें १९९८ च्या गुन्हे व बेबंदशाहीविषयक कायद्यानें निराळी वाट धरली. प्रत्येक भागांतील नगरसंस्था आणि पोलिस या दोघांवर मिळून गुन्हे कमी करण्याची जबाबदारी टाकली. त्या कायद्याच्या सतराव्या कलमानें तर नगरसंस्थेनें आपलें प्रत्येक काम करितांना त्याचा गुन्ह्यांवर काय परिणाम होईल याचा विचार केलाच पाहिजे, असें बंधन घातलें. बाग आंखतांना, घरें बांधतांना, दिवे लावतांना हा प्रश्न विचारावयाचा. आमच्या आळींतल्या त्या बंद दिव्याचें उत्तर या एका कलमांत आहे.

आपल्याकडे असे प्रयत्न झाले नाहींत असें मात्र नाहीं. भिवंडींत १९७० आणि १९८४ सालीं भयंकर दंगली झाल्या. पुढें १९८८ मध्यें तेथील पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनीं वस्तीवस्तींतून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतील साधीं माणसें आणि त्या भागाचे पोलिस नेमानें एकत्र बसूं लागले, नळाच्या भांडणापासून अफवांपर्यंत सारें बोलूं लागले. १९९२-९३ च्या हिंवाळ्यांत शेजारची मुंबई जळत असतां भिवंडी शांत राहिली. ही शांतता त्या दोन महिन्यांत कोणीं आणिली नव्हती. चार वर्षांच्या बैठकींत ती थोडी थोडी सांठविलेली होती.

खेड्यांतही पोलिस पाटलाची जुनी संस्था १९६७ च्या कायद्यानें वंशपरंपरेंतून सोडवून नेमणुकीची केली आहे. २००७ सालीं गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकारानें महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम सुरू झाली, आणि ग्रामसभेनें निवडलेल्या समित्यांनीं बांधाचे व भाऊबंदकीचे पुष्कळ तंटे गांवांतच मिटविले. या मोहिमेचें आम्ही अभिनंदनच करतों. तथापि एक धोका नजरेआड करूं नये. गांवास बक्षीस मिळावयाचें असलें, म्हणजे तंटा मिटण्याची घाई होते, आणि घाईंत बहुधा दुबळ्यानेंच पदर पसरावा लागतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईस ‘आतां मिटवून घे’ म्हणून सांगणें सोपें असतें. तंटा मिटणें आणि अन्याय मिटणें या दोन गोष्टी एक नव्हेत. म्हणून अशा प्रत्येक मंडळींत स्त्रिया शोभेपुरत्या नव्हे, बोलण्यासाठीं असल्या पाहिजेत.

कच्च्या कैद्यांच्या बाबतींत तर बारभाईंचें मेज कायद्यानेंच मांडून दिलें आहे. प्रत्येक जिल्ह्यांत जिल्हा न्यायाधीश, कलेक्टर आणि पोलिस अधीक्षक यांची समिति दर तीन महिन्यांनीं बसावी, असें सुप्रीम कोर्टानें २०१५ सालीं ठरविलें; पुढें जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि तुरुंगाचे अधिकारी यांची तींत भर पडली. नव्या संहितेच्या ४७९ व्या कलमाप्रमाणें, ज्या गुन्ह्यास फांशी अगर जन्मठेप सांगितलेली नाहीं, त्यांत कमाल शिक्षेच्या निम्मा काळ बंदींत काढलेल्या कच्च्या कैद्यास, आणि पूर्वीं कधीं दोषी न ठरलेल्यास एक तृतीयांश काळानंतरच, कांहीं अपवाद वगळतां, सुटण्याचा मार्ग मोकळा होतो. आणि त्यासाठीं कोर्टास अर्ज करणें हें तुरुंगाच्या अधिकाऱ्याचें कर्तव्य आहे. जामिनाचा हुकूम त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं ई-मेलनें तुरुंगास धाडावा, आणि सात दिवसांत कैदी सुटला नाहीं तर विधी सेवा प्राधिकरणास कळवावें, असेंही २०२३ सालीं सुप्रीम कोर्टानें सांगितलें. नियम आहेत. आतां प्रश्न आहे तो बैठक नुसती भरते कीं काम करते, हा.

आमच्या मतें अशा बैठकीस तीन पथ्यें आवश्यक आहेत. पहिलें, सर्वांपुढें एकच कागद असावा: या तिमाहींत तक्रारी किती, अटका किती, तुरुंगांत कोण किती दिवसांपासून आणि कोणत्या कारणानें अडकला आहे. दुसरें, न्यायाधीश पोलिसांबरोबर मेजावर बसले, तरी कोणत्याही खटल्याच्या खरेखोटेपणाचा शब्द तेथें निघूं नये. चर्चा व्यवस्थेची व्हावी, निवाडा कोर्टांतच व्हावा. हें पथ्य मोडलें कीं आपण पुन्हां कोतवालाच्या चावडीवर येऊन पोंचूं. तिसरें, मागल्या बैठकींत ज्यानें जें कबूल केलें तें झालें कीं नाहीं, यानेंच पुढल्या बैठकीची सुरुवात व्हावी, आणि ही टिपणें लोकांस पाहावयास मिळावीं.

यांत आपल्या घरांचा संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध दुहेरी आहे. प्रभागाच्या सभेंत किंवा ग्रामसभेंत दिव्याची तक्रार करितांना तिच्याबरोबरच पोलिसांच्या गस्तीची वेळ आणि बसथांब्याची जागाही विचारावी, आणि दोन्हीं खात्यांची माणसें एकाच वेळीं समोर बोलवावीं. एकट्यास विचारलें तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवितो. दोघे समोरासमोर असले म्हणजे बोट दाखविणें अवघड होतें. घरांतल्या मुलींनींच कोठली वाट किती वाजतां भीतीची होते याची यादी करावी. तेवढा अचूक नकाशा कोणत्याही कचेरींत मिळणार नाहीं.

दुसरा संबंध अधिक नाजूक आहे. ‘कोणास जामीन राहूं नये’ हा उपदेश आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलों. कर्जाच्या बाबतींत तो शहाणपणाचा असेलही. परंतु जामीन मिळूनही जामीनदार न मिळाल्यामुळें गरीब मनुष्य आंत राहतो, तेव्हां त्या उपदेशाचा फेरविचार केला पाहिजे. १९६१ सालीं न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागांत एक प्रयोग सुरू झाला. आरोपी त्या पत्त्यावर किती दिवस राहतो, काम कोठें करतो, जवळचीं माणसें कोण आहेत, हें विचारून, ज्याचीं मुळें गांवांत रुजलेलीं आहेत त्यास पैशाच्या तारणाशिवाय सोडण्याची शिफारस कोर्टास करावयाची. असे सुटलेले लोक तारखेस चुकले ते फारच थोडे. बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षें खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून प्रकरणांत, १९७९ सालीं, न्यायमूर्ति भगवतींनीं याच प्रयोगाचा दाखला दिला. मनुष्य पळून जात नाहीं तो पैशाच्या भीतीनें नव्हे, तर त्यास ओळखणारीं माणसें आहेत म्हणून, हें त्यांतलें सार आहे. आपल्या घरीं वर्षानुवर्षें कष्ट करणाऱ्या बाईचा मुलगा अशा फेऱ्यांत सांपडला, तर तो निर्दोष आहे अशी ग्वाही आपणांस देतां येणार नाहीं, आणि ती कोणी मागतही नाहीं. तो कोण, राहतो कोठें, आणि तारखेस हजर राहील कीं नाहीं, एवढें मात्र आपणांस ठाऊक असतें. तें कोर्टापुढें सांगावयास जाणें, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील गरिबास फुकट मिळतो ही माहिती त्या माउलीस देणें, हें आपणांस सहज करतां येण्याजोगें आहे.

आळींतील मुलगी निर्भयपणें घरीं पोंचावी आणि आळींतील मुलगा चौकशीशिवाय कुजूं नये, या दोन इच्छा परस्परविरोधी आहेत असा समज हल्लीं पसरत आहे. तो खोटा आहे. ज्या तुरुंगांत निर्दोष व सदोष एकत्र कोंडले जातात, त्यांतून बाहेर पडणारा मनुष्य आळीस अधिक सुरक्षित करीत नाहीं. ज्या खात्यांच्या फटींतून दिवा निसटतो, त्याच फटींतून जामिनाचा कागदही निसटतो. बारभाई तेच आहेत; त्यांनीं एकत्र बसावें आणि आम्हीं त्यांना नेमानें विचारावें, एवढेंच बाकी आहे.